घरपोच भाडेकरार: मशीन झकास, मजकूर उसना

पुण्यातल्या धायरीच्या फ्लॅटचा भाडेकरार या जूनमध्ये तिसऱ्यांदा घरी माणूस बोलावून केला. पहिल्यांदा दुसऱ्या एकाकडून, नंतरच्या दोन्ही वेळा याच माणसाकडून. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्या बऱ्याच चुका सांगणार आहे आणि तरीही पुढच्या वेळी त्यालाच बोलावणार आहे. कर्वेनगर, वारजे, सिंहगड रोड या भागात दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानावर ‘ऑनलाइन भाडेकरार, घरपोच’ अशी पाटी असते. त्यातलाच हा एक.

मी ३१ वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. दोन वन बीएचके आहेत. धायरीचा २००९ साली पीएफ आणि पतपेढीच्या कर्जावर घेतलेला. वारज्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही स्वतः राहत होतो. सासूबाई थकल्या तसे कर्वेनगरला त्यांच्या घरी आलो आणि तोही भाड्याने दिला. दोन फ्लॅट म्हटल्यावर लोकांना वाटतं बाई बसून खाते. एक भाडेकरू दोन महिने थकला की आमच्याकडे औषधांचं बिल पुढच्या महिन्यावर जातं, एवढंच आमचं ‘बसून खाणं’.

सुरुवातीला मीही स्टँपपेपरवर करार टाइप करून नोटरीचा शिक्का मारून आणायचे. अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असं जो तो सांगायचा. त्या वेळच्या भाडेकरूने जाताना दोन महिन्यांचं ३,८६० रुपयांचं लाइट बिल मागे ठेवलं, माझा गीझर काढून नेऊन तिथे गंजका डबा लावला आणि वर म्हणाला, “काकू, डिपॉझिट चाळीस हजार दिलं होतं.” मी घेतले होते तीस. वीस चेकने, दहा रोख. तो म्हणे रोख वीस दिले. करारात आकडाच नव्हता. ‘ठरल्याप्रमाणे अनामत’ असं टायपिस्टने लिहिलं होतं आणि मी त्यावर सही केली होती. इंजेक्शनच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारी बाई मी!

भाचा वकील आहे. त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ काढून कलम ५५ समोर धरलं. लिव्ह अँड लायसन्सचा करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तोच) लेखी आणि नोंदलेला पाहिजेच, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सगळ्यात झोंबणारं म्हणजे अटींवरून वाद झाला तर, आपण उलट सिद्ध करेपर्यंत, भाडेकरू म्हणेल ते खरं. अकरा महिन्यांची समजूत आली आहे नोंदणी कायद्यातून. तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात भाड्याने घर देणाऱ्याला त्या पळवाटेचा काही उपयोग नाही. मी मुकाट्याने चाळीस हजार मोजले. त्यानंतर स्टँपपेपर बंद.

आता सेवेबद्दल. फोन केल्यावर तो व्हॉट्सअॅपवर कागद मागवतो: दोघांचं आधार, पॅन, फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) किंवा लाइट बिल, भाडं, अनामत, तारखा. दुसऱ्या दिवशी कच्चा मसुदा येतो. तो मान्य केला की ठरलेल्या वेळी बॅगेत लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन हजर. रविवारी संध्याकाळी सातलाही आला, कारण भाडेकरू मुलाला तेव्हाच वेळ होता. वेळ पाळण्याचे पूर्ण गुण. चहा घेतला, बिस्किट नको म्हणाला, चपला बाहेर काढल्या.

अंगठ्याचा मात्र तमाशा झाला. नव्या भाडेकरूचा, नांदेडच्या आयटीतल्या मुलाचा, अंगठा लागेचना. चार वेळा लाल. शेवटी त्याच्याच डोक्यात प्रकाश पडला: आधारचं बायोमेट्रिक त्याने अॅपमधून लॉक करून ठेवलं होतं. ते उघडलं आणि झालं. मग माझी पाळी. माझे तर ठसेच राहिलेले नाहीत. तीस वर्षं साबण, स्पिरिट आणि ग्लोव्हजची पावडर. बोटांच्या रेघा कधीच्या पुसट झाल्या. अंगठा नाही, तर्जनी नाही, उजवा हात संपला. हा माणूस चिडला नाही, ही त्याची दुसरी जमेची बाजू. म्हणाला, “मॅडम, कोमट पाण्याने हात धुवा, कोरडे करा आणि थोडं व्हॅसलिन लावून पुसून टाका. गवंडी आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशी, सगळ्यांना हेच सांगतो.” डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम केलं. ज्यांच्या घरी वयस्कर मालक आहेत त्यांनी आधीच जवळच्या आधार केंद्रात जाऊन ठसे नवे करून घ्यावेत. आयत्या वेळी भाडेकरूसमोर दहा बोटं आळीपाळीने दाबत बसणं फार ओशाळवाणं होतं.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर हा करार स्वतःही करता येतो. भाचीला घेऊन एका दुपारी बसले होते. अंगठ्याचं मशीन स्वतःचं घ्यावं लागतं, लॅपटॉपला त्याची ओळख पटवून द्यावी लागते, आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा करायच्या कामासाठी एवढं कोण शिकणार? पाच-सहा फ्लॅट असते तर घेतलं असतं. एक-दोनवाल्यांनी माणूस बोलवावा हेच बरं. फक्त तो विभागाने नेमलेला अधिकृत सेवा पुरवठादार आहे का, एवढं विचारावं. आमच्या माणसाने न कुरकुरता पत्र दाखवलं. पहिल्या वेळचा दुसरा एकजण मात्र “आमच्या सरांचं आहे” म्हणत राहिला आणि सर कधी दिसले नाहीत.

पैशाचं सांगते, कारण इथेच लोक गोंधळतात. हा सगळं मिळून ३,००० घेतो. ‘सगळं मिळून’ हा शब्द मला आवडत नाही. बिलात ओळी पाहिजेत. म्हणून हिशोब मीच केला. भाडं पहिलं वर्ष १४,०००, दुसरं वर्ष पाच टक्के वाढवून १४,७००. दोन वर्षांचं भाडं ३,४४,४००. परत करायची अनामत ५०,०००, तिच्यावर दरसाल दहा टक्के मानीव (फक्त हिशोबासाठी धरलेलं) व्याज धरतात, म्हणजे दोन वर्षांचे १०,०००. एकूण ३,५४,४००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ८८६ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. धायरी २०१७ पासून पुणे महापालिकेत आहे, म्हणून हजार. या १,८८६ वर विभागाचा दस्त हाताळणीचा थोडा खर्च. बाकी राहिले ते त्याचे. दोन फेऱ्या, रविवारची संध्याकाळ आणि माझी दहा बोटं धरली तर मला हे रास्त वाटतं. दुसऱ्या एका दुकानात याच कामाचे ४,५०० सांगितले, आणि सरकारी किती तुमचे किती विचारल्यावर “आता रेट वाढलेत” एवढंच उत्तर आलं. पाव टक्क्याचं गणित कागदावर करून गेलात की दुकानदाराचा आवाज खाली येतो. चलनाची पावतीही मागून घ्यायची.

त्याने मुदत अर्थातच अकरा महिने टाकून आणली होती. “मॅडम, सगळे अकराच करतात.” करोत. अकरा-अकराचे दोन केले तर हजाराची नोंदणी फी दोनदा आणि त्याची मजुरीही दोनदा. शिवाय मधल्या काळात ‘उद्या करू, परवा करू’ करत दोन महिने बिनकराराचे जातात. माझे गेले आहेत. चोवीस महिन्यांत भाडेवाढ आतच लिहून टाकली आणि दोन्ही बाजूंना एका महिन्याची नोटीस ठेवली की मालक अडकत नाही. भाडेकरूसाठी सुरुवातीचे सहा महिने लॉक-इन ठेवलं, म्हणजे तेवढ्या काळात घर सोडता येत नाही, कारण मध्येच कोणी गेलं की ब्रोकर पुन्हा एक महिन्याचं भाडं मागतो. वारज्याच्या फ्लॅटला मात्र बाराच महिने ठेवते. तिथे मुलगा बंगळूरहून परत येईल असं आम्हाला दर दिवाळीला वाटतं.

आता मजकूर. या सेवेला मी पाचपैकी साडेतीनच देते ते यामुळे. याचा मसुदा म्हणजे मागच्या गिऱ्हाइकाचा कागद, वरची नावं बदललेली. यंदाच्या मसुद्यात मला मिळालेल्या गोष्टी: ‘कार पार्किंग क्रमांक बी-१४’ (आमच्या सोसायटीत गाड्या जागा मिळेल तिथे लागतात, क्रमांक कसले), ‘क्लब हाउसचा वापर नियमानुसार’ (आमचं क्लब हाउस म्हणजे वॉचमनची खोली), आणि ‘गच्चीवरील तुळस भाडेकरूने रोज पाणी घालून जगवावी’. ही शेवटची अट कोणा आजींची असणार. त्यांची तुळस जगली असेल अशी आशा आहे, पण माझ्या फ्लॅटला गच्चीच नाही. हसण्यावारी गेलं, पण त्याच मसुद्यात लॉक-इन मालकालाही लागू होतं, देखभाल खर्च कोण भरणार हे नव्हतंच, आणि माझ्या आडनावात एक अक्षर जास्त होतं. नोंदणी झाल्यावर असं अक्षर काढायला चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो, म्हणजे पुन्हा सगळे अंगठे. माझ्या बोटांना तो परवडणार नाही.

मजकुराला मी एवढी का चिकटते तेही सांगते. भाचा म्हणतो की मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दिवाणी कोर्टात वर्षं काढावी लागत नाहीत, आणि जास्त राहिलेल्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. तिथे लेखी करारात जे नमूद आहे तोच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणजे तुळस लिहिली तर तुळस, आणि देखभाल खर्च लिहिला नाही तर नाही. एजंटचं काम अंगठे घेऊन दस्त नोंदणीला पाठवण्याचं. तो तुमचा वकील नाही, आणि खरं म्हणजे तसा आवही आणत नाही. मी माझ्या अटी वहीतून त्याला वाचून दाखवल्या आणि त्याने निमूट टाइप केल्या. एक शब्दही बदलायला नाही म्हणाला नाही; फक्त “एवढं कोणी लिहीत नाही” असं दोनदा पुटपुटला.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे कराराला जोडलेली सामानाची यादी. त्याच्या नमुन्यात असते: पंखे ३, ट्यूब ४, गीझर १. याला यादी म्हणत नाहीत. वॉर्डमध्ये ड्यूटी बदलताना ‘पेशंट बरा आहे’ एवढं सांगून कोणी सिस्टर घरी जात नाही. सलाइन किती गेलं, किती उरलं, सुई कोणत्या हाताला आहे, सगळं लिहून देते. तसं मी लिहिलं. गीझर १५ लिटर, कंपनी अमुक, सिरियल नंबर तमुक, चालू. किचन ओट्याचा डावा कोपरा आधीच टवका उडालेला. बाथरूमच्या दारामागे चार टाइल्स पोकळ वाजतात. लाइट मीटरचं रीडिंग आणि त्याचा फोटो. किल्ल्या: मुख्य दार ३, सेफ्टी डोअर २. भिंतींना रंग मागच्या मेमध्ये. सोबत मोबाइलवर एक व्हिडिओ, दारापासून बाल्कनीपर्यंत, भाडेकरूला त्याच वेळी पाठवलेला.

आधीचं लातूरचं जोडपं या मेमध्ये सोडून गेलं तेव्हा याचा अनुभव आला. माणसं चांगली, पण ओट्यावर आणखी एक टवका आणि एक पंखा घरघर करणारा. यादी काढली, दोघांनी मिळून फिरून बघितलं. ओट्याचा डावा कोपरा जुना, म्हणून माझा. उजवा नवा, म्हणून त्यांचा. पंखा सहा वर्षं जुना, म्हणून मीच म्हटलं राहू दे. वापराने जी झीज होते तिचे पैसे घेऊ नयेत. लाइट बिल रीडिंगवरून तिथेच कापलं. दहा मिनिटांत हिशोब आणि अनामत त्यांच्या समोरच बँकेतून पाठवली. वहिनी जाताना डबा देऊन गेली, शेंगदाण्याची चटणी. स्टँपपेपरच्या काळातला माणूस गीझर घेऊन गेला होता. माझ्या दृष्टीने यादीचे पैसे वसूल.

करार झाल्यावर तिसऱ्या कामाच्या दिवशी नोंदलेला दस्त आणि इंडेक्स टू मोबाइलवर आले. लातूरकरांच्या वेळी मात्र दस्त एकदा परत आला होता, कारण याने खिडकीकडे पाठ करून लॅपटॉप ठेवायच्या ऐवजी आम्हालाच खिडकीकडे पाठ करून बसवलं आणि फोटोत दोन सावल्या उमटल्या. पुन्हा फेरी मारली, जादा पैसे घेतले नाहीत. यंदा मीच खुर्च्या फिरवून ठेवल्या होत्या.

जाता जाता त्याने ‘पोलिस व्हेरिफिकेशन ४०० एक्स्ट्रा’ सुचवलं. हे घेऊ नका. पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती आपण स्वतः भरू शकतो. आधार, फोटो, आधीचा पत्ता, ओळखीच्या दोघांचे नंबर जवळ असले की पंधरा मिनिटांचं काम. आणि त्याची पोच म्हणजे माणूस चांगला असल्याचा दाखला नव्हे, तुम्ही कळवल्याचा पुरावा आहे. माणूस कसा आहे हे मी आधीच्या घरमालकाला फोन करून विचारते. सध्याच्या नाही, आधीच्या. सध्याचा मालक नकोशा भाडेकरूचं कौतुकच करतो.

काही गोष्टी या सेवेत येत नाहीत आणि एजंटला विचारूनही कळत नाहीत, पण भाडं ठरवण्याआधी माहीत हव्यात. सोसायटी मालक राहत नसल्याबद्दल नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. आमच्याकडे महिन्याला ५०० लावले होते. सहकार खात्याचं १ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे: सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आमचं बिल २,४००. त्यातून पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीसाठीचा राखीव निधी), दुरुस्ती निधी वजा केले तर सेवा शुल्क १,४००, म्हणजे १४० रुपये. सेक्रेटरींना परिपत्रक छापून दिलं. ते म्हणाले, “ताई, कमिटीपुढे ठेवतो.” तीन मीटिंगा लागल्या, पण आता १४० च येतात.

वारज्याच्या फ्लॅटचं वेगळं. आम्ही स्वतः राहायचो तेव्हा महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. ती स्वतः राहणाऱ्याला असते, भाड्याने दिल्यावर नाही. म्हणजे घर तेच, कर वाढला. शेजारच्या एकांनी भाडेकरू ठेवूनही सवलतीचा फॉर्म भरला आहे. मी तसं केलं नाही, कारण माझ्याच नावाने नोंदलेला भाडेकरार उलटा साक्ष देईल. उलट आयकरात जरा दिलासा आहे: भाड्यातून आपण भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, रंगाची-नळाची बिलं न दाखवता. तरी धायरीचा वर्षाचा हिशोब मांडला, त्यात एक महिना रिकामं घर, देखभाल, कर, दोन वर्षांतून एकदा रंग धरला, तर हातात वर्षाला नऊ महिन्यांचंही भाडं येत नाही. तिसरा फ्लॅट घे म्हणून मागे लागलेल्या दिराला मी हाच कागद दाखवते. ते बघतात आणि विषय क्रिकेटवर नेतात.

नांदेडच्या मुलाचा करार दोन वर्षांनी ३० जूनला संपतो. वहीत मार्चच्या पानावर लिहून ठेवलं आहे: मुलाला विचारणे, मसुदा आधी आपला पाठवणे, तुळस काढायला सांगणे, व्हॅसलिन.